लाभार्थीने बसू नये

विचुंबे येथील हरितशिल्प सोसायटी, बी विंग, तिसरा मजला, येथे राहणाऱ्या सौ. भावना शैलेश घरत यांनी एका रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा उचलता उचलता, बसण्याची इच्छा व्यक्त केली.



"बसण्याची म्हणजे?" श्री. शैलेश घरत यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"म्हणजे बसायची. दुपारी, निवांत. गाणं ऐकायला. त्यासाठी एक बरी खुर्ची घेऊ या म्हणते."

घरात बसायला जागा नव्हती, असं कोणी म्हणू नये. सोफा होता. त्याच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागावर शैलेशरावांचा आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांच्या वर्तमानपत्रांचा ताबा होता. झोपाळा होता, त्यावर सासूबाई, भीमाबाई, सकाळी बसत त्या दिवेलागणीला उठत. जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या, त्यांवर इस्त्रीचे कपडे बसत. दोन गादीच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या आणि पाहुणे आले की भावनाताई चहा करायला आत असत. राहता राहिलं स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल. ते माळ्यावरचे डबे काढायला घेतलेलं असल्यामुळे त्यावर उभं राहायची पद्धत होती.

गाण्याची गोष्ट अशी. भावनाताईंची आई, सखूबाई, ही उरणकडच्या गावांतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून एकेक विधी गाऊन लावून देते ती धवलारीण. तिचं गाणं, म्हणजे धवला, सुरू झाल्याशिवाय मांडवात पान हलत नाही. सखूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण भावनाताईंच्या चुलतबहिणीच्या लग्नात कोणीतरी टेप चालू ठेवला होता, त्याची कॅसेट माहेरच्या ट्रंकेत सापडली. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या लेकीनं, समृद्धीनं, ती कुठूनतरी साफ करून मोबाइलमध्ये घालून दिली, वर एक छोटा स्पीकर पाठवला आणि फोनवर बजावलं, "मम्मी, आजीचा आवाज खूप बारीक आलाय. काम करता करता नाही कळणार. नीट बसून ऐक."

भावनाताईंनी ते आठवडाभर काम करता करता ऐकलं. मिक्सर लावला तेव्हा आई हळदीला होती, कुकरची शिट्टी झाली तेव्हा मांडवात. टेपच्या सुरुवातीला बायकांची कुजबुज होती, बांगड्या होत्या, आणि गाण्याआधी आई काहीतरी विचारत होती. काय विचारत होती, ते नळाच्या आवाजात कळत नव्हतं.

म्हणून खुर्ची. कॅसेटच्या एका बाजूएवढा वेळ बसता येईल अशी. भावनाताईंची मागणी एवढीच होती.

पण शैलेशराव एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी व भांडार शाखेतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत शाखेने असंख्य वस्तू खरेदी केल्या. त्यांपैकी एखादी वस्तू ती मागणाऱ्याला आवडली, असा ठपका शाखेवर कधी आला नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला खरेदी म्हणजे कोथिंबीर उरली होती, आणि तीही भावनाताई परत करायला लावत. 'घेऊ या' हे शब्द कानावर पडताच त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की भीमाबाईंनी झोपाळा थांबवून विचारलं, "शैल्या, बरा हायस ना?"

"घेऊ या," शैलेशराव म्हणाले. "पण पद्धतीनं घेऊ."

पद्धतीची पहिली पायरी म्हणजे समिती. अध्यक्ष शैलेशराव. ज्येष्ठ सदस्य भीमाबाई. ध्वनितज्ज्ञ म्हणून शैलेशरावांचा चुलतभाऊ कुंदन, ज्याचा हळदीसमारंभांना डीजे पुरवण्याचा व्यवसाय होता. त्याच्या एका हळदीनंतर पार शिरढोणपर्यंतच्या म्हशींनी पान्हा चोरल्याची वदंता होती आणि तो ती स्वतःच सांगत असे.

"आणि मी?" भावनाताईंनी विचारलं.

"तू लाभार्थी."

"म्हणजे समितीत नाही?"

"लाभार्थी समितीत आला की हितसंबंध आले." शैलेशरावांनी चष्मा पुसला. "तू काय करशील? तुला आवडेल तीच खुर्ची निवडशील."

"मग?"

"मग निःपक्षपातीपणा कुठे राहिला?"

भावनाताईंना यावर उत्तर सुचलं नाही. ते आजवर कोणालाच सुचलेलं नाही. शाळांच्या गणवेशापासून गावांच्या पाणीयोजनांपर्यंत सगळं त्यावरच तर चाललंय.

भीमाबाईंनी मात्र तोंड उघडलं. "जिला बसायचाय तिलाच नाय इचारनार? आमी काय तिच्या बदली बसनार हाव?"

"आई, तिनं इच्छा व्यक्त केली. तिचं काम झालं."

दुसरी पायरी, गरज निश्चिती. लाभार्थी रोज किती वेळ बसते, हे पाहण्यासाठी अध्यक्षांनी आठवडाभर मनगटी घड्याळ लावून भावनाताईंच्या मागे फिरायचं ठरवलं आणि फिरले. ओट्यापाशी उभे राहिले, वॉशिंग मशीनपाशी उभे राहिले, पाण्याचा टँकर आला तेव्हा खाली गेटापाशी उभे राहिले. चौथ्या दिवशी त्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, म्हणून उरलेली पाहणी त्यांनी सोफ्यावर बसून केली. निष्कर्ष समितीपुढे वाचून दाखवण्यात आला.

"लाभार्थी बसत नाही."

"भाजी निवडताना बसते की," भावनाताई म्हणाल्या.

"ते निवडणं झालं. बसणं नाही. मला सांग, जो माणूस बसतच नाही, त्याला खुर्ची मंजूर कशाच्या आधारावर करायची?"

"अहो, खुर्ची नाही म्हणून बसत नाही."

"आणि बसत नाहीस म्हणून खुर्ची नाही. दोन्ही बाजू बरोबर आहेत." शैलेशरावांनी समाधानानं मान हलवली. "अशा प्रकरणाला आम्ही प्रलंबित म्हणायचो. मी स्वतः अशी कितीतरी जपली आहेत."

पण इथे अर्जदार घरची होती आणि संध्याकाळचा चहा तिच्याच हातात होता. त्यामुळे अध्यक्षांनी मार्ग काढला. एकट्या लाभार्थीची गरज सिद्ध होत नसेल, तर सर्वांची मिळून संयुक्त गरज दाखवायची. लगेच गरजा गोळा झाल्या. भीमाबाईंच्या गुडघ्यांसाठी खुर्ची उंच हवी. अध्यक्षांच्या पाठीसाठी ती मागे पडणारी हवी. कुंदनचं एकंदर आकारमान पाहता ती रुंद आणि दणकट हवी. पाहुणा मुक्कामाला राहिला तर तिचा पलंग झाला पाहिजे. न्हावा शेव्याच्या कंटेनरवाल्यांची आणि विमानतळाच्या डंपरवाल्यांची धूळ दिवसभर घरात येते, तर तिचा रंग धुळीचाच हवा.

"आणि गाणं?" भावनाताईंनी आतून विचारलं.

"ते शेरा म्हणून घेतलंय."

ध्वनितज्ज्ञाला मात्र हे पटलं नाही. कुंदन पाय पसरून म्हणाला, "वहिनी, गान्याचं टेन्शन नाय घ्यायचं. खुर्चीच्या पाठीतच बेस बसवून देतो. मावशीचा आवाज असा छातीत घुसंल ना, हातपाय थरथरतील."

"तिचा आवाज बारीक होता रे."

"तेच तं! म्हनून खाली जरा बीट टाकतो. नुसता धवला आता कोन ऐकतंय? परवा आगरी महोत्सवात मी भाषन ठोकलं, आपला धवला टिकला पायजे म्हनून. पब्लिक रडली, वहिनी! मंग बीट चालू केला, तवा कुठं नाचली."

"मेल्या," भीमाबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "तुझ्या बारशाला सखू रातभर गायलीय. तवा बीट नव्हता, तरी तू झोपला नाय."

शेवटी जुन्या हायवेवरच्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात समितीची प्रत्यक्ष पाहणी ठरली. भावनाताईंना सोबत नेण्यात आलं, कारण पिशव्या कोणीतरी धरायला हव्यात.

दुकानात प्रणित नावाचा तरतरीत विक्रेता पुढे आला. भीमाबाई एका खुर्चीत, शैलेशराव दुसऱ्या खुर्चीत आणि कुंदन तिसरीत असे बसले की तिसरीनं हुंकार दिला. भावनाताई सासूबाईंची पर्स, नवऱ्याची छत्री, कुंदनचं हेल्मेट आणि सगळ्यांची पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहिल्या.

"कुणासाठी हवीय, सर?" प्रणितनं विचारलं.

"यांच्यासाठी."

"मग मॅडम, तुम्ही बसून बघा ना."

"थांबा, थांबा!" शैलेशराव खुर्चीतून अर्धवट उठले. "त्या लाभार्थी आहेत."

प्रणितनं आदरानं भावनाताईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ऑपरेशन झालंय का?"

समिती एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकत होती. खुर्च्यांना दांडे होते, बटणं होती, एकीला तर मोबाइल चार्ज करायला भोक होतं. भावनाताई हळूहळू मागे सरकत दुकानाच्या कोपऱ्यात गेल्या. तिथे बिलाच्या टेबलामागे वेताची एक जुनी खुर्ची होती. बुटकी, रुंद हातांची, पाठ जरा कललेली. त्यांनी सामान खाली ठेवलं आणि त्या बसल्या.

पाठ जिथे टेकायला हवी तिथे टेकली. कोपर जिथे जायला हवं तिथे गेलं. दुकानात कुठेतरी हळू आवाजात सनई लागली होती, ती आत आल्यापासून लागलेली असणार, पण भावनाताईंना आत्ता ऐकू आली. त्यांनी डोळे मिटले.

"भावना! माझी छत्री कुठाय?"

"ही किती छान आहे हो," डोळे उघडत भावनाताई म्हणाल्या.

प्रणित ओशाळून हसला. "मॅडम, ती विकायची नाहीये. ती आमची बसायची आहे. दिवसभर बसायचं म्हटलं की ह्या विकायच्या खुर्च्या परवडत नाहीत पाठीला."

"तसंही," अध्यक्षांनी स्पष्ट केलं, "ती एकटीच आहे. एकच वस्तू असेल तर तुलना होत नाही आणि तुलना झाली नाही तर निवड होत नाही. ऊठ."

निवडीच्या वेळी समितीत एकमत होईना. भीमाबाईंना उंच हवी होती, अध्यक्षांना खोल, कुंदनला रुंद. तेव्हा शैलेशरावांनी तिन्हींची सरासरी काढली आणि सरासरीच्या सर्वांत जवळ जी खुर्ची येत होती ती घेतली. कंपनीनं तिला 'महाराजा' असं नाव दिलं होतं. भीमाबाईंचे पाय तिच्यात जमिनीला टेकत नव्हते, शैलेशरावांची पाठ तिच्या पाठीला पोहोचत नव्हती आणि कुंदन तिच्यात शिरला की खुर्ची सोबत घेऊनच उठत होता. कोणावरही अन्याय झाला नव्हता.

महाराजा टेम्पोतून सोसायटीच्या दारात आली. जिथे एके काळी घरतांची भातखाचरं होती तिथे आता घरतांना पार्किंगसाठी परवानगी लागत असे, तर खुर्चीची काय कथा. सेक्रेटरी दीपेश लिफ्टच्या दारात हात आडवा धरून उभा होता.

"काका, सामान कुठल्या गटात येतं? गृहोपयोगी की करमणूक?"

"खुर्ची आहे."

"ते दिसतंय. हेतू काय? म्हणजे खरेदी कशासाठी?"

खोटं बोलणं शैलेशरावांच्या शिस्तीत बसत नव्हतं. "गाणं ऐकण्यासाठी."

"मग करमणूक." दीपेशनं जड अंतःकरणानं मान हलवली. "करमणुकीला लिफ्ट नाही. मागे गणपतीत कुंदनदादांचे स्पीकर चढवले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हापासून ठराव आहे. आणि सॉरी, पण जिन्यानंही नाही. ही वळणावर बसणार नाही, भिंतीचा रंग जाईल."

"मग ती वर न्यायची कशी?"

"आजारपणाला लिफ्ट आहे," दीपेश म्हणाला. तो मनानं वाईट नव्हता. "घरात कुणाचे गुडघे वगैरे असतील तर बघा."

गुडघे होते. भीमाबाईंना खाली बोलावण्यात आलं. वैद्यकीय खुर्चीसोबत रुग्ण असणं आवश्यक असल्यामुळे त्यांना महाराजात बसवण्यात आलं आणि चौघांनी ती उचलून लिफ्टमध्ये सरकवली. वाटेत प्रत्येक मजल्यावर दार उघडत होतं आणि भीमाबाई एखाद्या राणीसारख्या मान लववत होत्या. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत सोसायटीच्या दफ्तरी ती खुर्ची श्रीमती भीमाबाई घरत यांच्या गुडघ्यांसाठी आलेली म्हणून नोंदली गेली होती.

"म्हंजे आता ती माझी?" भीमाबाईंनी विचारलं.

"कागदोपत्री," शैलेशराव म्हणाले.

"मना कशाला? माझं पाय लटकतंय त्यात."

"लटकू दे. कागदोपत्री टेकलेले आहेत."

खुर्ची हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवली गेली. तिला नारळ वाढवला, हळदकुंकू लावलं. कुंकू लागलं ते खुर्चीला नाही, खुर्चीच्या प्लास्टिकला. कारण कारखान्यातून गुंडाळून आलेलं जाड, पारदर्शक प्लास्टिक काढण्याचा प्रश्न तूर्तास उद्भवत नव्हता. आपल्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे अमंगळच. रिमोट प्लास्टिकमध्ये असतो, गाडीची सीट असते, लग्नातला पलंग तर नातवंडं होईपर्यंत प्लास्टिकमध्ये असतो. शिवाय शैलेशरावांचा तांत्रिक मुद्दा होता. "प्लास्टिक काढलं की माल स्वीकारला असा अर्थ होतो. हमीचा काळ संपू दे."

दुपारी सगळे आडवे झाल्यावर भावनाताई पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या. स्पीकर जवळ ठेवला, मोबाइलवर बोट ठेवलं आणि पाठ टेकली.

चर्रर्र.

बांगड्या, कुजबुज. आई काहीतरी विचारत होती. भावनाताई ऐकायला जराशा पुढे झाल्या. चर्रर्र. तेवढ्यात प्रश्न निघून गेला आणि गाणं सुरू झालं. सखूबाईंची गाण्याची रीत अशी की एक ओळ झाली की त्या श्वास घेत आणि त्या श्वासात पुढची ओळ कशी येणार ते अर्धं कळत असे. तो श्वास आला की इकडे भावनाताईंचाही श्वास येई, आणि त्यासरशी खालचं प्लास्टिक वाजे. त्यांनी श्वास रोखून पाहिला. आई मोकळ्या गळ्यानं गात होती आणि लेक खुर्चीत गुदमरत होती. गाणं अर्ध्यावर टाकून त्या उठल्या. पाठीला घाम होता, दंडाला प्लास्टिक चिकटलं होतं.

"अहो, ते प्लास्टिक काढू या," संध्याकाळी त्यांनी विनंती केली.

"खुर्ची समाधानकारक आहे असं वापरणाऱ्यानं कळवलं, तर काढता येईल."

"प्लास्टिक काढल्याशिवाय मला कसं कळणार?"

"आणि कळवल्याशिवाय मी कसं काढणार?" शैलेशराव चिंतेत पडले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेऊ नये. बायकोची अडचण त्यांना खरंच लागली होती. रात्री जेवताना त्यांनी उपाय सांगितला. प्लास्टिक काढायचं, पण वापरासाठी नव्हे, चाचणीसाठी. चाचणी अर्थातच लाभार्थीला करता येणार नव्हती. अध्यक्ष स्वतः करणार होते.

प्लास्टिक निघालं आणि आतून निघालेली महाराजा बघून सगळे थक्क झाले. मऊ, गार, पाठ धरून ठेवणारी. प्लास्टिकमुळेच तिची उंची अवघडली होती की काय, पण भीमाबाईंच्या पायांखाली एक पाट दिला तर पायही टेकत होते. शैलेशरावांनी पहिल्या दुपारी चाचणी घेतली ती थेट चहाच्या वेळेपर्यंत. मग सकाळची चाचणी भीमाबाईंनी मागून घेतली. कुंदन येता-जाता घेऊ लागला. दीपेश सोसायटीच्या वतीनं लिफ्टच्या परवानगीची खातरजमा करायला आला, तो क्रिकेटचा सामना संपेपर्यंत खातरजमा करत होता. समितीचा अहवाल एकमतानं आला. 'खुर्ची अत्यंत आरामदायी आहे. सबब चाचणी चालू ठेवावी.'

"किती दिवस?" भावनाताईंनी विचारलं.

"चांगल्या गोष्टीला मुदत कशाला?" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी दांडा ओढून पाय वर घेतले.

झोपाळा रिकामा होता, सोफा रिकामा होता, म्हणजे भावनाताईंना बसायला बंदी नव्हती. पण घरात कोणी तरी बसलं की आत कोणीतरी उभं राहावं लागतं, हा नियम कुठल्याही समितीनं केलेला नव्हता. त्यामुळे तो रद्दही करता येत नव्हता. समृद्धीचा फोन आला. "मम्मी, ऐकलंस का आजीला नीट?" "हो गं, ऐकतेय," भावनाताई म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

मग ती दुपार आली. बाजारातून ओले बोंबील आणले होते. शैलेशरावांनी खुर्चीत बसून जाहीर केलं की आज ध्वनिचाचणी आहे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मूळ हेतूकडे दुर्लक्ष झालं. त्यांनी सखूबाईंचं गाणं लावलं आणि ते लागताच, घोरण्याच्या आधी असते त्या निःशब्द झोपेत ते गेले. भीमाबाई झोपाळ्यावर डोळे मिटून होत्या. आत भावनाताई बोंबील साफ करत होत्या. हात मनगटापर्यंत भरलेले. धुवायला त्यांनी नळ सोडला तर नळ खोकला आणि गप्प झाला. विचुंब्यात दुपारी पाणी जातं, त्यात नवल काही नाही.

पण त्यामुळे घर पहिल्यांदाच शांत झालं. नळ नाही, मिक्सर नाही, प्लास्टिक नाही.

हॉलमधून बांगड्या आल्या. कुजबुज आली. आणि मग आईचा आवाज, स्वच्छ.

"भावना बसली का गं?"

कोणीतरी म्हणालं, "ती आत हाय. चूल बघतंय."

"तिला बसू दे. ती बसल्याबिगर मी नाय चालू करनार."

आणि टेपमध्ये, खूप लांबून, मांडवामागच्या चुलीपासून, एका तरण्या पोरीचा आवाज आला. भावनाताईंना तो ओळखायला वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही.

"तू कर चालू, आये! मला हितनं ऐकू येतंय!"

 मग आईनं श्वास घेतला आणि धवला सुरू झाला.

भावनाताई तशाच हॉलमध्ये गेल्या. मोबाइलवर कोपरानं गाणं मागे नेलं.

"उठा."

शैलेशराव दचकले. "काय? का? अजून चाचणी..."

"उठा. आई थांबलीय."

"कोण आई? आई तर तिथं झोपाळ्यावर..."

"शैल्या," झोपाळ्यावरून भीमाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "ऊठ म्हंते ना ती."

शैलेशराव उठले. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना तोंडी आदेश पाळण्याची वेळ आली नव्हती, त्यामुळे नाही म्हणायचं ते विसरले. भावनाताई महाराजात बसल्या आणि बोंबलाचे दोन्ही हात त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवले.

"अगं, हात! हात!"

"श्शू," भीमाबाई म्हणाल्या.

आईनं विचारलं. भावनाताईंनी या वेळी उत्तर दिलं नाही. बसल्या होत्या, त्याला काय उत्तर द्यायचं. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मध्येच स्वयंपाकघरातून भांड्यांचा धडाका आला आणि पाठोपाठ शैलेशरावांचा आवाज, "चहाचं पातेलं कुठलं?" त्याचंही उत्तर कोणी दिलं नाही.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. खुर्चीच्या हातांवर डाग पडले होते आणि वास कापडात मुरला होता. लिंबू चोळून झालं, सुकं बेसन लावून झालं. वास आणखी चविष्ट झाला.

"पाहुण्यांना बसवता येणार नाही," शैलेशराव म्हणाले. "मला तर डोकं टेकवत नाही."

"म्हावऱ्याच्या वासाला नाक मुरडतंय," भीमाबाई म्हणाल्या, "न् जेवताना तीन तुकडं वाढून घेतंय." पण त्याही झोपाळ्यावर परत गेल्या, कारण झोपाळ्याला झोका होता.

कुंदननं वास घेतला आणि आपण एका हळदीच्या सुपारीला निघालोय असं सांगितलं. दीपेश दारातूनच परत गेला. अखेर अध्यक्षांनी नियमानुसार महाराजा ही वस्तू वापरास अयोग्य ठरवून निर्लेखित केली. निर्लेखित वस्तूचं पुढे काय करायचं, यावर समितीत एकमत झालं नाही. ती तशीच खिडकीपाशी राहिली. तिच्यावर रोज दुपारी भावनाताई बसतात. खरेदी शाखेच्या इतिहासात मागणी करणाऱ्याच्याच हाती वस्तू पडल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं, आणि तेही वस्तू बाद झाल्यावर.

असो. वाचकहो, ही गोष्ट तुम्ही बसून वाचलीत, हे उघड आहे. खुर्ची चांगली असावी, शेवटपर्यंत आलात. आवडली असेल तर घरातल्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवा. आत हाक मारा, म्हणा, ये गं, बस जरा, तू बसल्याशिवाय मी सुरू करत नाही.

आतून काय उत्तर येईल, ते तुम्हाला ठाऊक आहे. "तुम्ही करा सुरू. मला इथून ऐकू येतंय."

आणि तुम्ही सुरू कराल.